दोष गळ्याचा, रेकॉर्डचा की स्पीकरचा?

अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड ऐकून ‘आवाज फारच पातळ बुवा’ असा शेरा आपण सहज मारतो. थांबा. तुम्ही ऐकलंत काय, आणि कशावर?

१९०५च्या सुमाराची त्यांची ध्वनिमुद्रणं भोंग्यासमोर गाऊन केलेली. त्यात साधारण २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा नीट उमटे. १९३०च्या दशकातली मायक्रोफोनवरची; पट्टा बराच रुंद. पण मोबाइलचा स्पीकरही ३०० हर्ट्‌झच्या खाली जवळजवळ मुका असतो. काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्‌झचा. तो तिथून येणारच कसा?

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. रेकॉर्ड तीच, साधन दुसरं: तक्रार गेली, तर दोष साधनाचा. साधन तेच, रेकॉर्ड दुसरी: तक्रार एकीपुरतीच उरली, तर संशय रेकॉर्डवर. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. जे मोठ्याने वाजतं ते उगाच चांगलं वाटतं. आणि ही तपासणी डोंबिवली लोकलमध्ये करू नका, गाडीची घरघर नेमका खालचाच भाग गिळते.

तिसरा संशयित विसरू नका: डिजिटल प्रत. ७८ फेऱ्यांची तबकडी ८३ने फिरवली, तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, आवाज आणखी बारीक होतो.

एवढं करूनही जो बारीकपणा उरेल, तो खाँसाहेबांचा. त्याला दोष म्हणायचं की शैली, ही खरी समीक्षा; ती इथून सुरू होते. प्रयोगशाळेतही नमुन्याला नावं ठेवण्याआधी उपकरण तपासा.