‘मनोविकल’ आणि ‘करमत नाही’ : कायद्याच्या परिभाषेची एक समीक्षा

कायद्याची संहिता हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे भाषेच्या अभ्यासकास कोणी विचारल्यास त्याने होकारार्थी उत्तर द्यावयास संकोच करू नये. शब्दांची निवड, त्यांची व्याप्ती आणि त्यांचा परिणाम या तिन्ही गोष्टी काव्याइतक्याच कायद्यातही तपासता येतात. आरोपी म्हणून कोठडीत वा तुरुंगात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मनुष्याच्या मनःस्थितीविषयी आपला कायदा कोणत्या शब्दांत बोलतो आणि त्या शब्दांमुळे त्यास मिळावयाचे साहाय्य सुलभ होते की दुर्लभ, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. प्रस्तुत लेखक विधिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तेव्हा हे विवेचन भाषेच्या मर्यादेतच समजावे.

प्रथम शब्दांचा इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांचा वध केला. त्या खटल्यानंतर तेथील न्यायाधीशांनी जे नियम सांगितले, त्यांची छाया १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ८४ व्या कलमावर पडलेली आहे. या कलमाची विचारणा एकच आहे : कृत्य करतेवेळी आपण काय करीत आहो, हे त्या मनुष्यास मनाच्या विकलतेमुळे कळत होते की नाही? प्रश्न ज्ञानाचा आहे, आणि तो भूतकाळातील एका क्षणाविषयी आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमातही हीच विचारणा कायम आहे. विशेष हे की, ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेल्या पहिल्या मसुद्यात ‘विकल मन’ या अर्थाचा शब्द काढून ‘मानसिक आजार’ या अर्थाचा शब्द घातला होता. संसदीय समितीच्या छाननीनंतर जुनाच शब्द परत आला. हा बदल प्रतिगामी वाटण्याचा संभव आहे. परंतु तो योग्यच होता असे मला वाटते. आजार ही व्यापक कल्पना आहे, तर दायित्वातून मुक्त करणारी विकलता ही फार संकुचित कल्पना आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर तिसऱ्या कलमात स्पष्टच म्हटले आहे की, एखाद्यास मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. तसे ठरविणे न्यायालयाचे काम आहे.

कायद्याने दोन कल्पना अशा प्रकारे वेगळ्या केल्या. पण आपल्या मराठीने त्या वेगळ्या राखल्या काय? हिंदीतील ‘विकृतचित्त’ हा शब्द बिघाड सुचवितो, तर आपल्या कायद्याच्या मराठीतील ‘मनोविकल’ हा शब्द उणीव सुचवितो. ‘विकल’ म्हणजे ज्याचा एखादा अंश हरपला आहे असा. या दृष्टीने मराठी शब्द अधिक सौम्य आहे. परंतु वृत्तपत्रांतून आणि पोलीस ठाण्यांतून वावरणारे शब्द ‘वेडसर’, ‘माथेफिरू’ आणि ‘मनोरुग्ण’ हे होत. यांपैकी ‘मनोरुग्ण’ हा दिसावयास शास्त्रीय, पण त्याच्या पोटात आजारी मनुष्य आणि बेजबाबदार मनुष्य असे दोघेही कोंबलेले आहेत. परिणामी, नुकत्याच अटक झालेल्या मनुष्याने ‘मला मानसिक त्रास होतो’ असे म्हटले की, ऐकणाऱ्यास ती शिक्षा चुकविण्याची सबब वाटते.

वास्तविक २०१७ च्या कायद्याने साहाय्याची तरतूद बरीच केली आहे. तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्यांस मानसिक उपचारांचे मूलभूत शिक्षण द्यावे, प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्याची सोय असावी, भटकत असताना संरक्षणाखाली घेतलेल्या आजारी मनुष्यास कोठडीत ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. परंतु या तरतुदींचे दार उघडावयाचे तर आतील मनुष्यास काही होत आहे, हे आधी कोणास तरी कळावे लागते. आणि फौजदारी प्रक्रियेची भाषा ‘न्यायाधीशास तसे वाटण्यास कारण असल्यास’, ‘न्यायालयास तसे दिसून आल्यास’ या वळणाची आहे. आरडाओरडा करणारा दिसून येतो. भिंतीकडे तोंड करून गप्प बसणारा दिसून येत नाही. तो पुढे दप्तरातूनही नाहीसा होऊ शकतो. आसामातील मचांग लालुंग यास १९५१ साली अटक झाली, त्यास तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले, आणि त्याची सुटका २००५ साली, म्हणजे ५४ वर्षांनी झाली. १९६७ सालीच तो बरा असल्याचा निर्वाळा मिळाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे एकदा लागलेले विशेषण किती चिवट असते ते कळून येते.

येथे मराठीच्या व्याकरणाकडे वळणे प्राप्त आहे. मनाच्या अवस्था सांगताना आपली भाषा सहसा मनुष्यास कर्त्याच्या जागी बसवीत नाही. ‘मला करमत नाही’, ‘मला झोप येत नाही’, ‘त्याला धास्ती वाटते’, ‘तिला अन्न गोड लागत नाही’ अशी आपली वाक्यरचना आहे. अनुभव घेणारा येथे चतुर्थीत आहे; अवस्था त्याच्याकडे येते आणि जातेही. ‘त्याला वेड लागले’ आणि ‘तो वेडा आहे’ या दोन वाक्यांतील अंतर हेच आहे. पहिल्यात घडून आलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात कायमचा गुणधर्म आहे. कायद्याची परिभाषा दुसऱ्या जातीची आहे, आणि दायित्व ठरविताना तिला तसे असणे भागही आहे. दोष आहे तो हा की, साहाय्य देतानाही आपण तीच परिभाषा वापरतो.

तुरुंगाच्या दाराशी होणाऱ्या विचारपूशीस हे विशेषत्वाने लागू पडते. ‘मानसिक आजार नाही ना?’ असे विचारले, तर त्यातील ‘ना’ नकाराचीच अपेक्षा करतो, आणि भ्यालेला मनुष्य ती अपेक्षा पुरी करतो. ‘मानसिक आजार आहे का?’ असे विचारले तरी त्यास आपणावर एक विशेषण लावून घ्यावे लागते. पण ‘रात्री झोप लागली का? जेवण जाते का? जीव नकोसा वाटतो का?’ असे विचारले, तर त्यास आपल्याच बोलीत उत्तर देता येते. बंदिवासाचे आरंभीचे दिवस आत्महत्येच्या दृष्टीने अधिक धोक्याचे असतात, हे आता सर्वमान्य आहे. भारतातील बंद्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक २०२२ च्या अखेरीस कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा होता असे. अशा स्थितीत त्या पहिल्या प्रश्नाचे वाक्य कसे रचले आहे, ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, मनोविकारतज्ज्ञांची वाण असताना वाक्यरचनेची चर्चा व्यर्थ आहे. आक्षेपात तथ्य आहे; शब्दाने औषधाचे काम होत नाही. तथापि तज्ज्ञ थोडे असतात तेव्हाच कोणास त्यांच्याकडे तातडीने धाडावयाचे, हे ओळखण्याचे काम शिपायावर आणि कारकुनावर पडते, आणि त्यांच्याजवळ भाषेवाचून दुसरे साधन नसते. शिवाय भिली, गोंडी, कोरकू वा पारधी बोलणाऱ्यास आपली प्रमाण मराठीही परकीच आहे. त्याच्या बोलीत ‘करमत नाही’ यास काय म्हणतात, हे आपल्या कोशांत शोधून सापडणे कठीण.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी बोलींची शब्दसंपदा गोळा करतात. तीत शेतीची अवजारे असतात, नातेसंबंध असतात, सणवार असतात. मनाच्या क्लेशांचे शब्द त्यांत क्वचितच आढळतात. यापुढे प्रत्येक सर्वेक्षणात त्यांचे एक पान असावे आणि ते जिल्ह्याच्या तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठविले जावे, एवढी सूचना करून हे टिपण पुरे करतो.