'इल-बीइंग' म्हणजे फक्त उलटा केलेला स्कोअर नव्हे

संशोधनाचा विषय मानसिक आरोग्याच्या जवळपास असेल, तर 'वेल-बीइंग' हा शब्द तुम्हाला पानोपानी भेटेल. त्याचा जोडीदार 'इल-बीइंग' मात्र बऱ्याचदा व्याख्येशिवायच येतो. आरोग्य नसणं, सुख नसणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. माझा आक्षेप या 'नसणं'वर आहे.

कारण 'सुख नाही' आणि 'दुःख आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. १९६९ मध्ये नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी अमेरिकेतल्या लोकांच्या चांगल्या-वाईट भावना वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा दोघांचा एकमेकांशी संबंध फारच कमी दिसला. २००६ मध्ये कॅरल रिफ आणि सहकाऱ्यांनी १३५ वयस्क स्त्रियांमध्ये हाच प्रश्न शरीराच्या पातळीवर विचारला: इल-बीइंग ही वेल-बीइंगची आरशातली प्रतिमा आहे का? बहुतेक जैविक मापांनी 'नाही' असंच सुचवलं. नमुना लहान आहे, तोही फक्त स्त्रियांचा, त्यामुळे हा अंतिम निकाल समजू नका. पण 'दोन्ही एकच' हे गृहीत धरायला आता कारण द्यावं लागेल, एवढं नक्की.

आता प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. 'डब्ल्यूएचओ-५' या प्रश्नावलीत पाचच विधानं आहेत आणि पाचही सकारात्मक. कच्चा स्कोअर ० ते २५, त्याला ४ ने गुणलं की ० ते १००. स्कोअर ५० किंवा कमी आला तर नैराश्याची पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. म्हणजे कमी स्कोअर ही पुढे चौकशी करण्याची सूचना आहे, निदान नाही. नैराश्याची लक्षणं थेट विचारायची तर 'पीएचक्यू-९' आहे: नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, स्कोअर ० ते २७. पहिलीचा स्कोअर उलटा करून दुसरीचं काम होत नाही. तरी प्रबंधात 'वेल-बीइंग कमी, म्हणजे इल-बीइंग जास्त' हे वाक्य सर्रास लिहिलं जातं.

मराठीत तर आणखी एक खड्डा आहे. हिंदीत 'अस्वस्थ' म्हणजे आजारी. आपल्याकडे 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' हे बातम्यांतलं मराठी सोडलं, तर 'अस्वस्थ' म्हणजे बेचैन. 'स्वस्थ बस जरा' असं आई मुलाला म्हणते, तेव्हा ती त्याच्या तब्येतीबद्दल बोलत नसते. हिंदी प्रश्नावलीवरून मराठी करताना तुम्ही 'मला अस्वस्थ वाटतं' असं लिहिलंत, तर तापाने फणफणलेला माणूस 'नाही' म्हणेल आणि उद्या परीक्षा असलेला 'हो' म्हणेल. दोघंही खरंच बोलले. चुकला तो प्रश्न. पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, ती चूक निघत नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच तीन गोष्टी ठरवा. तुम्ही आजार मोजताय, दुःख मोजताय, की सुखाचा अभाव? त्यासाठी निवडलेली प्रश्नावली खरंच तेच विचारते का? आणि तिचा मराठी शब्द, गाइडला नव्हे, ज्यांच्याकडून फॉर्म भरून घेणार आहात त्यांना काय अर्थाने कळतो? पाच-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं?' एवढंच विचारा.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्याला मदतीची गरज होती तोच माणूस तुमच्या तक्त्यात 'ठीक' म्हणून नोंदला गेला, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.