गिटारचे पडदे आणि आपली पट्टी

गिटार शिकणाऱ्या पोरांच्या वहीत हल्ली एक तक्ता हमखास असतो. सहा तारा, बारा पडदे, बहात्तर चौकटी, आणि प्रत्येकीत एकेक इंग्रजी अक्षर. पाढ्यांसारखा पाठ करायचा. आमची तक्रार या तक्त्यावर आहे. तो चुकीचा नाही, मुका आहे. बहात्तर जागांत स्वर बाराच, आणि दर तारेवर प्रत्येक स्वर एकदाच, एवढंही तो मोकळेपणी सांगत नाही.

आता आपल्या मंगरूळपीरच्या भजनात बसा. बुवा म्हणतात ‘काळी दोन’, आणि पेटीवाल्याचं बोट बिनचूक तिथं जातं. म्हणजे पक्क्या जागेला नाव द्यायची रीत आपल्याकडे आहेच की! त्या रीतीनं गिटारच्या मोकळ्या तारा म्हणून पहा. जाडीपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, पुन्हा तीन. एकही काळी नाही. पेटीवर पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काळी नसते, सात आणि वरच्या एकच्या मध्येही नसते. गिटारवर ते स्वर लागोपाठच्या पडद्यांवर येतात. पेटी पाहिलेल्या पोराला हे निराळं घोकावं लागत नाही. तक्तेवाल्यांना मात्र पेटीचं नाव घ्यायची लाज वाटते, कोण जाणे का.

घोकलेल्या पोराला भजनात ‘काळी दोन’ सांगितली, की ते मोकळ्या तारेपासून पडदे मोजत बसतं. तोवर मुखडा निघून जातो. कॅपो लावून निभतं म्हणा, पण तोही कुठं लावायचा ते कळायला हवं. म्हणून ‘नावं हवीत कशाला, टॅब पाहून वाजवा’ हेही आम्हाला पटत नाही.

खरी उणीव दुसरीच आहे. अक्षर जागा सांगतं, सरगम नातं सांगते. भातखंड्यांच्या (१८६०–१९३६) स्वरलिपीतला सा कुठल्याही पट्टीचा असू शकतो. तक्ता ही दुसरी बाजू शिकवतच नाही. काळी दोनचा सा पाचव्या तारेच्या सहाव्या पडद्यावर धरा. पंचम चौथ्या तारेच्या आठव्यावर मिळतो. बुवांनी पट्टी पांढरी दोन केली, तर दोन्ही बोटं एकेक पडदा मागं, बस्स. पुढच्या बारीक तारेवर दोन पडदे वर गेलं की पंचम, हे सगळीकडे चालतं. फक्त तिसरीवरून दुसरीवर जाताना तीन मोजायचे.