बहुउपयोगी टेबल : रचनेतील कल्पकता आणि घरातील श्रम – एक चिकित्सा

सारांश : जागेच्या टंचाईवरील उपाय म्हणून आधुनिक घरात बहुउपयोगी टेबलाचा पुरस्कार केला जातो. अशा टेबलाचे मूल्य त्याच्या उपयोगांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा आहे. हे टेबल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्यासाठी किती श्रम लागतात आणि ते श्रम घरातील कोण करते, हा निकष अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बहुउपयोगी टेबल, गृहरचना, रूपांतराचे श्रम, समकालिक उपयोग.

१. प्रास्ताविक

शहरी घराचे क्षेत्रफळ जसजसे आकसत गेले, तसतशी घरातील सामानाकडून असणारी अपेक्षा वाढत गेली. भिंतीतून खाली उतरणारे, पाने उघडून मोठे होणारे, बैठकीच्या उंचीवरून जेवणाच्या उंचीपर्यंत वर येणारे, पोटात कप्पे असणारे अशा नाना प्रकारच्या टेबलांची आज रेलचेल आहे. या टेबलांविषयीचे लेखन बहुधा वर्णनपर असते. चार उपयोगांचे टेबल दोन उपयोगांच्या टेबलापेक्षा श्रेष्ठ, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. पूर्वपरंपरा : दरबार ते दिवाणखाना

घडीचे टेबल ही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये फाटकाप्रमाणे फिरणाऱ्या पायावर बाजूचे पान पेलणारे टेबल प्रचारात होते. त्याची यंत्रणा अत्यंत साधी आहे. पान उचलावे, पाय फिरवावा, पान टेकवावे, एवढ्यात काम होते. म्हणूनच हा प्रकार आजही तयार होतो.

अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी वर्तुळात या कल्पकतेला वेगळे वळण मिळाले. झाँ-फ्रांस्वा ओबेन या कारागिराने मादाम द पाँपादूर हिच्यासाठी सुमारे १७६१ ते १७६३ या काळात तयार केलेले यांत्रिक टेबल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचा माथा मागे सरकतो आणि त्याच वेळी खालचा मोठा खण पुढे येतो. कारागिरी म्हणून ही वस्तू अद्वितीय आहे. मात्र जागेची टंचाई हे तिचे प्रयोजन नव्हते. ज्या घरात मांडामांड करण्यास सेवकवर्ग हजर असे, त्या घरातील तो एक कौतुकाचा विषय होता.

लंडनच्या रॉबर्ट ज्यूपने १८३५ मध्ये पेटंट घेतलेले गोल टेबल या दोहोंच्या मध्ये उभे आहे. माथा फिरविताच त्याचे त्रिकोणी तुकडे बाहेर सरकतात आणि मधल्या फटींत जादा पाने बसवून वर्तुळ मोठे करता येते. ही जादा पाने ठेवण्यासाठी मात्र स्वतंत्र जागा लागते. टेबल लहान झाले तरी त्याचा उरलेला भाग घरातच कोठेतरी असतो. पाने पोटातच सामावून घेणारी टेबले याच तत्त्वावर पुढे निघाली. तेव्हा वस्तूची घडी घातल्याने जागा वाचतेच असे नाही, पुष्कळदा ती केवळ दुसरीकडे हलते, हा या उदाहरणाचा बोध होय.

३. आयलीन ग्रे आणि मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन स्त्रियांनी हा प्रश्न मुळापासून हाताळला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आयलीन ग्रे (१८७८–१९७६) यांनी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ई-१०२७ या घरासाठी पोलादी नळी आणि काच यांचे एक छोटे टेबल रचले. त्याच्या पायथ्याचे वर्तुळ एका बाजूने उघडे असल्याने ते पलंगाखाली किंवा आसनाखाली सरकते आणि गोल माथा थेट बसणाऱ्याच्या पुढ्यात येतो. उंची खिळीने कमीजास्त करता येते. अंथरुणातच न्याहारी करण्याची आवड असलेल्या बहिणीसाठी ते योजल्याचे सांगितले जाते. येथे काहीही उलगडावे लागत नाही. टेबल माणसाकडे येते, माणसाला टेबलासाठी उठावे लागत नाही. उपयोग अनेक आहेत, पण रूप एकच आहे.

मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की (१८९७–२०००) यांनी १९२६ मध्ये रचलेले फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर हे दुसरे उदाहरण. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा या खोलीत खिडकीखाली कामाचे टेबल, फिरते स्टूल आणि भिंतीवर दुमडणारी इस्त्रीची फळी होती. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींत बसविण्यात आली. गृहिणीच्या हालचालींचा आणि वेळेचा काटेकोर विचार, ही त्यांची मोठी देणगी होय. परंतु याच रचनेवर पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी आक्षेप घेतला. एकाच व्यक्तीला पुरेल अशी खोली बांधल्याने स्वयंपाक करणारी स्त्री घरापासून तुटली, आणि तिच्या हाताखाली दुसरे कोणी येण्याची शक्यताही मावळली. श्रम मोजले गेले, पण ते वाटले गेले नाहीत.

४. मराठी घर : खोली बहुउपयोगी, वस्तू साधी

आपल्याकडील जुन्या घराचा विचार केला असता वेगळाच प्रकार आढळतो. पाट आणि चौरंग या वस्तू अगदी साध्या होत्या. पंगत उठली की पाट भिंतीशी उभे केले जात. रात्री वळकट्या पसरल्या की तीच जागा निजण्याची होई. मुंबईच्या चाळीतील दहा बाय बारा फुटांच्या खोलीत जेवण, अभ्यास, पाहुणे आणि झोप या साऱ्यांची सोय याच रीतीने लागत असे. बहुउपयोगी होती ती खोली. वस्तूला रूप बदलण्याची गरजच नव्हती. आजच्या रचनेत खोली पलंग आणि सोफा यांनी अडलेली असते आणि टेबलाने मात्र सतत रूप बदलावे, अशी अपेक्षा असते.

या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे मात्र योग्य ठरणार नाही. पंगतीनंतर खरकटे काढून जागा सारवणे, पाट उचलणे, वळकट्या बांधणे ही कामे प्रायः घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येत. खोलीच्या बहुउपयोगीपणाची किंमत त्यांच्या कंबरेने आणि गुडघ्यांनी मोजली. उंच टेबल घरात आले तेव्हा अनेकींना त्याने उभ्याने काम करण्याची मोकळीक दिली, हेही तितकेच खरे. म्हणून प्रश्न बैठे की उभे, जुने की नवे, असा नाही. घडी कोण घालते, असा तो आहे.

५. मूल्यमापनाचे निकष

वरील विवेचनावरून बहुउपयोगी टेबलाच्या चिकित्सेसाठी पुढील चार निकष सुचविता येतील.

(अ) रूपांतराचे श्रम : टेबलाचे रूप बदलताना त्यावरील वस्तू हलवाव्या लागतात का, हे प्रथम पाहावे. माथा उचलून आतील कप्पा उघडण्याच्या टेबलात हा दोष जन्मजात असतो. पेढीवरील उतरत्या झाकणाचे बैठे डेस्कही यातून सुटले नव्हते. वरची वही उचलल्याखेरीज आतील टाक हाती येत नसे. जे टेबल उघडण्यापूर्वी आवरावे लागते, ते काही दिवसांनी उघडेच किंवा कायमचे मिटलेले राहते.

(आ) समकालिक उपयोग : एकाच टेबलाचे उपयोग एकामागून एक घेता येतात, एकाच वेळी नव्हे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा ही मर्यादा घरोघरी उघड झाली. नोकरदाराचा संगणक, मुलाची शाळा आणि भाजी निवडणे यांची वेळ एकच होती. अशा वेळी टेबलाचे रूप नव्हे, तर घरातील अधिकार निर्णायक ठरतो. ज्याचे काम महत्त्वाचे मानले जाते त्याला टेबल मिळते. उरलेल्यांनी पलंगाची कड शोधावी.

(इ) उंचीचा मेळ : जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटीमीटर, तर बैठकीतील टेबल साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर उंच असते. माथा वर आणला तरी सोफ्याची बैठक खोल आणि सखलच राहते. एक वस्तू बदलून भागत नाही, तिच्या सोबतीची आसनेही बदलावी लागतात.

(ई) सांधा आणि दुरुस्ती : हलणाऱ्या वस्तूचे आयुष्य तिच्या सांध्यावर अवलंबून असते. भुशाच्या दाबीव फळीत स्क्रू वारंवार ताण आल्यास सैल होतो, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत ही फळी फुगते. याउलट स्थानिक सुताराने चांगल्या प्लायवुडला लांब पट्टीबिजागरी लावून भिंतीवर बसविलेली फळी दिसायला सामान्य असली, तरी ती त्याच गल्लीत दुरुस्त होते. कल्पकतेच्या चर्चेत या फळीचा उल्लेख क्वचितच येतो.

६. समारोप

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याची वाखाणणी केली आहे. तो कसा धरला जातो, कसा वाहून नेला जातो, कसा ओतला आणि घासला जातो, असे प्रश्न त्यांनी त्या वस्तूला विचारले. या अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. हीच प्रश्नावली टेबलाला लावली तर जाहिरातीतील बरीचशी चमक ओसरेल. ते दिवसातून किती वेळा उघडले जाते, कोणाच्या हातांनी, उघडण्यापूर्वी काय उचलावे लागते, वयस्कर माणसाला ते एकट्याने मिटता येते का, आणि त्या वेळी कोणाचे काम अर्धवट थांबते, हे विचारले गेले पाहिजे.

बहुउपयोगी टेबल त्याज्य आहे, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. लहान घरात त्याची गरज आहे आणि ती वाढतच जाणार आहे. परंतु आजवर उपयोग मोजले गेले, श्रम मोजले गेले नाहीत. सतराव्या शतकातील फिरत्या पायाचे टेबल आणि ग्रे यांचे काचेचे टेबल टिकून राहिले, ते एका हालचालीत काम भागते म्हणून. ज्या रचनेत घडी घालण्याचे काम घरातील कोणाही एकाच व्यक्तीवर कायमचे पडत नाही, तीच खऱ्या अर्थाने बहुउपयोगी रचना होय, असे म्हणता येईल.