वीररस आणि रसद

युद्धावरील कादंबऱ्यांचें परीक्षण आम्ही अनेकदां केलें आहे. युद्धावरील संगणकीय खेळाचें परीक्षण करण्याचा योग मात्र प्रथमच येत आहे. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' हा स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेनें २०१६ सालीं काढलेला खेळ एका विद्यार्थ्यानें आम्हांस आग्रहानें दिला. १ जानेवारी १९३६ पासून एखाद्या राष्ट्राचीं सर्व सूत्रें हातीं घ्यावयाचीं आणि कारखान्यांपासून रणांगणापर्यंत दुसरें महायुद्ध स्वतः चालवावयाचें, असें याचें स्वरूप आहे.

इतिहासाच्या वाचनांत हयात गेली असल्यामुळें हें आपणांस सहज साधेल, असा आमचा समज होता. आम्ही इटली घेतली, लिबियांत सांपडेल तेवढें सैन्य जमविलें आणि ईजिप्तवर चाल केली. सैन्य सरहद्द ओलांडून थोडें पुढें गेलें आणि जागच्या जागीं उपासमारीनें खंगूं लागलें. आम्ही आणखी पलटणी धाडल्या. हाल दुप्पट झाले. दोन वेळां असा धुव्वा उडाल्यावर खेळ मिटून ठेवावा, असें मनांत आलें. पडद्यावरील आंकडे व चिन्हें पाहून कोणा परक्या पेढीच्या जमाखर्चाच्या वहींत शिरल्याचा भास होत होता.

तिसऱ्या खेपेस रसदेच्या नकाशाकडे लक्ष गेलें आणि सगळें उलगडलें. बंदराची आणि रेल्वेची जेवढी शक्ति, तेवढेंच सैन्य पुढें पोसलें जातें. आम्ही निम्में सैन्य परत बोलाविलें, बंदरें वाढविलीं, रूळ घातले, मालमोटारी दिल्या, मालवाहू जहाजांस आरमाराचें संरक्षण दिलें. तें थोडकें सैन्य नाइलपर्यंत पोंचलें! अन्वय लागतांच दुर्बोध श्लोक प्रसन्न व्हावा, तशा जातीचा तो आनंद होता. वीररस शोधावयास गेलों आणि रसदेंत रमलों. १९४२ सालीं एल अलामेनपाशीं पेट्रोलच्या टंचाईनें रोमेलच्या सैन्यास किती जखडलें होतें, हें आम्ही वर्गांत कित्येकदां सांगितलें आहे. त्याचा अर्थ मात्र आतां कळला. लढाईची नाटकी बाजू मागें सारून तिचा रुक्ष पाया रसिकापुढें मांडणें, हें या कृतीचें खरें यश होय.

परंतु याच गुणांत तिचा दोषहि दडलेला आहे. येथें माणूस म्हणजे मनुष्यबळाचा आंकडा. सुमारें ६० लाख ज्यूंच्या संहारास या महायुद्धांत कोठेंहि स्थान नाहीं. असल्या क्रौर्याचा खेळ करूं नये, हा संकोच आम्हांस मान्य आहे. तरीपण ज्या राजवटीनें तें केलें, तिचे रणगाडे तेवढे निर्मळ होऊन आपल्या हातीं येतात, ही गोष्ट खुपल्यावांचून राहत नाहीं.

नाइलपर्यंतच्या त्या चालींत आपलीं किती माणसें पडलीं, हें पाहण्याचें आम्हांस सुचलेंच नाहीं. रात्रीं यशवंत घाडगे आठवले. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे नाईक १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबरच्या खोऱ्यांत, अवघे बावीस वर्षांचे असतां पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मरणोत्तर मिळाला. या खेळांत त्यांचें मरण म्हणजे हिंदुस्थानच्या मनुष्यबळांतून वजा झालेला एक.

खेळ आम्ही पुन्हां खेळणार आहों. हें लिहितांना थोडी लाज वाटते, ती वाचकांपासून लपवीत नाहीं.