व्यावसायिक कबड्डी: खेळाडू चढला, पकड उतरली

नाशिकहून सप्तशृंगगडाकडे निघालेला यात्रेकरू नांदुरीचा पायथा गाठण्यापूर्वी ज्या वणीतून पुढे जातो, त्या आमच्या गावात, द्राक्षबागांच्या कामातून मोकळी झालेली माणसे संध्याकाळी प्रो कबड्डी लीगचे सामने पाहायला बसली, की मातीवर हुतुतू खेळून ज्यांनी गुडघे सोलून घेतले ती पिढी आणि मॅटखेरीज दुसरे मैदान जिने मानलेच नाही ती पिढी, यांच्यात एक वाद हटकून उभा राहतो: खेळाचा दर्जा उतरला आहे काय? जुन्यांचे स्मरणरंजन म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. परंतु ज्या खेळाचे नियम बांधण्यास पुण्या-बडोद्याकडच्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी हात घातला, ज्याचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगापुढे मांडले, आणि ज्याच्या प्रसारासाठी शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्य वेचले, त्या खेळाची सद्यःस्थिती तपासणे हे मराठी माणसाचे कर्तव्यच आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो. खेळाडू उतरलेला नाही. अंगबळाने, चापल्याने आणि शास्त्रशुद्ध तयारीने तो चढलेलाच आहे. उतरली आहे ती सात जणांनी मिळून साधावयाची पकडीची कला, आणि तिच्या उतरणीचे मूळ मैदानात नसून कारभारात आहे.

व्यक्तीच्या पराक्रमाविषयी वाद संभवत नाही. 2017 च्या हंगामात पाटण्याच्या प्रदीप नरवालने चढायांचे 369 गुण मिळवले. चौघांच्या वेढ्यातून खाली वाकून, जणू पाण्यात सूर मारावा तसा निसटण्याची त्याची डुबकी ही या खेळाच्या इतिहासातील नवीच भर होय. 2019 साली पवन सेहरावतने एकाच सामन्यात 39 गुण घेतले. इराणच्या फजल अत्राचलीने डाव्या कोपऱ्यात उभे राहून घोटा पकडण्याचे कसब इतक्या परिपूर्णतेला नेले, की त्याच्या बाजूला पाय टाकण्यापूर्वी नामांकित चढाईपटूही क्षणभर थबकत. असे खेळाडू ज्या काळात निपजतात तो काळ कसबाच्या दृष्टीने दरिद्री म्हणता येणार नाही.

परंतु पकड ही एकट्याची करामत नव्हे. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय लांबवतो तेव्हा कोपरारक्षकाने त्याला किंचित आत येऊ द्यायचे, त्याच वेळी मध्यरक्षकाने नजरेनेच इशारा ओळखून त्याच्या परतीची वाट अडवायची, हाताला हात धरलेल्या साखळीने दोन्ही टोकांनी एकदम वळायचे, आणि पहिल्याने घोटा धरताच दुसऱ्याने कंबर आवळून त्याला मध्यरेषेपासून दूर उचलायचे: हे सारे निमिषार्धात घडते, आणि त्यात एकाचे पाऊल अर्ध्या क्षणाने मागे राहिले तर पकड फसून दोघे बाद होतात. ही समज प्रशिक्षकाच्या फळ्यावर शिकता येत नाही. ती एकत्र खेळलेल्या वर्षांतून येते. एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे अशा संस्थांच्या संघांचा जो दबदबा होता, त्याचे कारण हेच, की खेळाडूची नोकरी आणि त्याचा संघ एकच असे, आणि तीच माणसे वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या अंगाशी झोंबत असत. लीगच्या आरंभी यू मुंबाला ते भाग्य काही काळ लाभले. अनुप कुमारचे नेतृत्व आणि मोहित छिल्लर व सुरेंदर नाडा ही कोपऱ्यांची जोडी पहिले तिन्ही हंगाम टिकली, आणि त्या तिन्ही हंगामांत तो संघ अंतिम सामन्यात पोहोचला, 2015 साली विजेताही झाला. त्या जोडीची पकड ज्याने पाहिली त्याला मी काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही.

लीगचा मामला मात्र लिलावाच्या अंमलाखाली आहे. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती 12 लाख 80 हजार रुपयांची. दहाव्या हंगामासाठी पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाखांवर गेली. खेड्यातल्या पोराला या खेळाने अन्न आणि मान मिळवून दिला याचा मला मनःपूर्वक आनंद आहे, आणि कोणी त्या पैशाचा हेवा करीत असेल तर तो मला मान्य नाही. दुःख आहे ते कराराच्या तोकड्या मुदतीचे. पुष्कळसे खेळाडू पुन्हा पुन्हा लिलावाच्या पटावर येतात, नवे संघ जुळतात, आणि साखळीचे हात एकमेकांना ओळखू लागतात तोच हंगाम संपतो. त्यातच पहिल्या वर्षी आठ संघांची ही स्पर्धा 2017 पासून बारा संघांची झाली आणि त्या वर्षी सुमारे तीन महिन्यांत 138 सामने खेळवले गेले. सामन्यांमागून सामने, त्यांत दुखावलेले खांदे व गुडघे, आणि सरावाला उरणारा वेळ थोडका. अशा स्थितीत बचाव विस्कळीत दिसला तर नवल नाही.

दुसरा फेरफार नियमांतला आहे, आणि तो मला अधिक खटकतो. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद, हा नियम खेळ रेंगाळू नये म्हणून आणला गेला. परिणाम नेमका उलटा झाला. आघाडीवरचा संघ पहिल्या दोन चढायांत निदान रेषा ओलांडण्यापुरता आत जातो, तीस सेकंदांतली बहुतेक मध्यरेषेजवळ घालवतो आणि परततो; बचाव करणारेही त्याला जाऊ देतात, कारण तिसऱ्या वेळी त्याला खोल यावेच लागेल हे त्यांना ठाऊक असते. चाळीस मिनिटांच्या सामन्यात असा किती वेळ दोन्ही बाजूंच्या संमतीने वाया जातो, हे कोणत्याही अटीतटीच्या सामन्यात घड्याळ लावून पाहावे. अधिक वाईट असे, की वणीच्या पटांगणावर खेळणारी बारा-तेरा वर्षांची मुलेही आता पहिल्या दोन चढायांत हात न लावता परत येतात.

खेळाचा दर्जा उतरला काय, हा वाद अमेरिकेतील व्यावसायिक ‘अमेरिकन फुटबॉल’मध्येही चालू आहे. तेथे 2011 च्या करारानुसार हंगामातील पूर्ण संरक्षक पोशाखातल्या सरावांची संख्या चौदापुरती मर्यादित झाली, तर 2021 पासून प्रत्येक संघाचे सामने सोळांवरून सतरा झाले. आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन पाडण्याचे कसब सैल झाले अशी तक्रार तेथील जुने खेळाडू करतात. खेळाडूंच्या डोक्याला होणाऱ्या इजा पाहता सराव कमी करणे तेथे न्याय्यच होते. आपल्याकडे तसे कोणतेही निमित्त नसताना आपण तोच तोटा पत्करला आहे.

येथे 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा दाखला हटकून दिला जातो. 1990 पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेल्या भारतीय पुरुषांना उपांत्य सामन्यात इराणने 27-18 असे हरवले, आणि महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच जिंकला. मी या पराभवाला आपल्या ऱ्हासाचा पुरावा मानत नाही. अत्राचलीसारखे इराणी खेळाडू आपल्याच लीगमध्ये खेळून पारखले गेले होते. आपल्याला लाज वाटावी ती एवढ्याच गोष्टीची, की त्या दिवशी इराणची पकड एका संघाची होती आणि आपली सात गुणवंतांची.

एकत्र राहिलेला संघ आजही काय करू शकतो, हे पुणेरी पलटणने दाखवले. शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही तरुण मुले आठव्या हंगामापासून तेथे एकत्र वाढली. नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात संघ जयपूरकडून हरला, तरी व्यवस्थापनाने गाभा मोडला नाही, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून त्याने विजेतेपद घेतले. त्या सामन्याचे गुण थोडे होते, कारण दोन्हीकडच्या पकडी अभेद्य होत्या. पुढच्याच हंगामात, जयदीप दहिया व राहुल सेठपाल यांच्याभोवती आपला बचाव सांभाळून ठेवलेल्या हरयाणाने, पुण्याने सोडून दिलेल्या मोहम्मदरेझा शादलूला त्यात घेतले आणि चषक जिंकला.

म्हणून माझी सूचना अशी: निदान चार बचावपटूंचा करार प्रत्येक संघाने तीन वर्षांच्या मुदतीचा करावा, आणि तिसऱ्या चढाईची सक्ती दुसऱ्या चढाईवर आणावी, म्हणजे सलग दोन रिकाम्या चढायांची सवलतच उरणार नाही. तीन वर्षे बांधलेला बचाव फसला तर पैसा बुडेल, असे मालक म्हणतील. परंतु दरवर्षी नव्याने जुळवलेल्या बचावात तो आजही बुडतोच, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाची संध्याकाळही.