सोयऱ्यांच्या नावावर उधारी

तुकोबांच्या एका अभंगाचं नशीब विचित्र आहे. झाडावेलींना आणि रानातल्या जिवांना सोयरे म्हणणारा तो अभंग. जून-जुलैमध्ये निगडीपासून चाकणपर्यंत कुठेही जा, कंपन्यांच्या कुंपणांवर, फ्लेक्सवर, शाळांच्या वृक्षदिंडीत त्याचे पहिले काही शब्द दिसतात. पुढचा अभंग कुणी छापत नाही. शाळेत सगळ्यांनी तो पाठ केलेला असतो, तेव्हा उरलेला आपोआप मनात वाजेल असा छापणाऱ्याचा भरवसा असावा. मला वाटतं, तो वाजत नाही. आणि न वाजणारा भागच आज जास्त अडचणीचा आहे.

काय आहे त्या भागात? पाखरं गातात म्हणून एकांत गोड वाटतो. आकाश हाच मांडव, जमीन हीच बैठक. देह चालवायला कंथा आणि कमंडलू पुरे, वेळ किती झाली ते वारा सांगतो. जेवण हरिकथेचं आणि वाद स्वतःच्याच मनाशी. निसर्गवर्णन म्हणून आपण जो अभंग वाचतो, तो खरं तर गरजा मोजणारा अभंग आहे. झाडं सोयरी कधी होतात? मागणं कमी केल्यावर. शब्दही बघा: मायबाप नाही, देव नाही, सोयरे. सोयरीक म्हटली की देणंघेणं आलं, मानपान आला, रुसवेफुगवे आले. सोयऱ्याच्या घरी दरवर्षी हात हलवत जेवायला जाऊन चालत नाही.

आमच्या कंपनीच्या वृक्षारोपणाच्या मेलवर हाच अभंग होता आणि त्याखाली आवाहन होतं: एक झाड लावा, आपला कार्बन फूटप्रिंट शून्य करा. आकडा दिसला की माझे हात शिवशिवतात. वाढलेलं झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, असा ढोबळ हिशेब अशा मोहिमांत धरतात. तोच धरू. रोजचं ३० किलोमीटर बाइकचं जाणंयेणं, ४५ चं ॲव्हरेज, वर्षाचे २४० दिवस, म्हणजे १६० लिटर पेट्रोल. लिटरमागे सुमारे २.३ किलो. झाले ३६८ किलो. नुसत्या ऑफिसला जाण्यासाठी १८ मोठी झाडं, आणि ती मोठी होईपर्यंतची वर्षं वेगळीच. एसी, सर्व्हर, विमानप्रवास यांना मी हातही लावला नाही.

राज्याचा आकडा घेऊ. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्र सरकारने अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी, मिळून ५० कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यातली किती जगली यावर पुढे बराच धुरळा उडाला, विधिमंडळाच्या समितीकडून चौकशी करण्यापर्यंत गोष्ट गेली. मला तो वाद दुय्यम वाटतो. सगळी जगली असं मानू. सगळी भरघोस वाढली असंही मानू. तरी ती वर्षाला १ कोटी टन शोषतील. भारताचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला ३०० कोटी टनांच्या आसपास आहे. म्हणजे ५० कोटी झाडांनी देशाचा सव्वा दिवस भरून निघाला. उरलेल्या ३६३ दिवसांचं काय, हे कुठल्या फ्लेक्सवर मावणार?

निसर्ग काहीच करत नाही, असं मात्र मुळीच नाही. माणूस हवेत सोडतो त्यातला जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड जमीन आणि समुद्र मिळून उचलतात. कुणी मेल न पाठवता, फोटो न काढता. औद्योगिक काळाआधी हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत २८० होतं, आज ते ४२० च्या वर आहे. ही वाढ निसर्गाने निम्मा भार उचलल्यानंतरची आहे. म्हणजे ज्या भरपाईची आपण वाट बघतोय ती हिशेबात आधीच धरलेली आहे. तिची किंमतही वसूल होते आहे: समुद्राचं पाणी आम्लतेकडे सरकतंय आणि दुष्काळाच्या, वणव्यांच्या वर्षांत जंगलं कमी शोषतात. सोयरे रुसायला लागलेत.

दोन कार्बन सारखे नसतात, हीसुद्धा इथली मुख्य गोम आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा २५ कोटी वर्षांपेक्षा जुन्या झाडोऱ्याचा आहे. तो जमिनीखाली पडून होता, हवेशी त्याचा संबंध नव्हता. डोंगरावर लावलेल्या रोपातला कार्बन मार्चमधल्या एका वणव्यात परत हवेत जाऊ शकतो. पहिला कायमचा खर्च आणि दुसरी मोडता येणारी ठेव, आणि आपण दोन्ही एकाच रकान्यात लिहितो.

झाडतोडीच्या कायद्यातही हीच गंमत आहे. शहरी भागातल्या वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावायची. ५० वर्षांच्या वडाच्या बदल्यात ५० रोपं. हेतू चांगला आहे, पूर्वीपेक्षा नियम कडकही आहे. पण वर्षं आणि नग यांची अशी अदलाबदल मी कोडमध्ये केली तर कंपायलर तिथेच ओरडेल. वडाच्या ढोलीतल्या पिंगळ्याला ५० रोपांचा काय उपयोग?

जगाच्या पातळीवरही हेच घडलं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झुरिकच्या संशोधकांचा एक निबंध आला: पृथ्वीवर आणखी ९० कोटी हेक्टरांवर झाडी वाढू शकते आणि ती २०५ अब्ज टन कार्बन साठवू शकते. मथळे गाजले. मग इतर शास्त्रज्ञांनी दाखवलं की आकडा फुगलेला आहे आणि त्यात नैसर्गिक गवताळ प्रदेशही झाडांसाठी मोकळी जागा म्हणून धरले आहेत. हा आक्षेप पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला लगेच कळावा. आपल्याकडच्या बऱ्याच टेकड्या मुळात गवताच्या आणि काटेरी झुडपांच्या. त्यांना ‘उजाड’ म्हणून आपण त्यांवर ग्लिरिसिडिया लावला. हिरवं दिसलं की झालं.

एका साक्षात्कारी संताला उत्सर्जनाच्या वादात कशाला ओढायचं, असं कुणी म्हणेल. ओढलं मी नाही, फ्लेक्सवाल्यांनी ओढलं. शिवाय तुकोबा काही रानाच्या प्रेमात पडलेले भाबडे कवी नव्हते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, व्यापार बुडाला. पाऊस माणसाचं देणं लागत नाही, हे सोसून झालेल्या माणसाने झाडांना सोयरे म्हटलं आहे. त्या शब्दात वशिल्याची अपेक्षा नाही.

झाडं लावावीत, जरूर. चाकणच्या चौकात मे महिन्यात ट्रकची वाट बघणाऱ्या हमालाला कडुलिंबाची सावली हवीच. ती सावली म्हणून लावा, पाणी मुरावं म्हणून लावा. फक्त त्या कडुलिंबाच्या नावावर डिझेल जाळू नका.

तुकोबा ज्या भामचंद्राच्या डोंगरावर चिंतनाला बसत असं सांगतात, तो चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला अगदी लागून आहे. पायथ्याच्या शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र होणार होतं. २००८ साली गावकरी आणि वारकरी त्याविरुद्ध उभे राहिले, काम बंद पडलं, शेवटी कंपनीला तो बेत सोडावा लागला. त्यांची भीती नद्या नासण्याची होती, भोपाळच्या आठवणीची होती. कार्बनचा तिथे प्रश्न नव्हता. पण अमुक इतकी रोपं लावा आणि मग केंद्र बांधा, अशी त्यांची मागणी नव्हती. ते नकोच, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या नकाराच्या आजूबाजूला आज शेकडो कारखाने आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींच्या कुंपणांवर अभंगाची पहिली ओळ आहे. कंथा-कमंडलूची ओळ मला अजून कुठे दिसलेली नाही.